अल्बमांची वही : निघाला कधी, पोचला कधी

१९८९च्या मे महिन्यात आमच्या वाड्यावरचा एक तारवटी बोटीवरून सुट्टीला आला, तो डायर स्ट्रेट्स या ब्रिटिश रॉक बँडच्या 'ब्रदर्स इन आर्म्स' या अल्बमची एलपी (मोठी तबकडी) घेऊन. एका रात्रीच्या बोलीवर ती मागून आणली आणि सी-९० कॅसेटच्या एका बाजूवर उतरवून घेतली. हिशेब सोपा होता. नव्वद मिनिटांची कॅसेट, म्हणजे पंचेचाळीस मिनिटांची बाजू, त्यात एक अल्बम आरामात बसणार. एलपी निघाली सत्तेचाळीस मिनिटांची. शेवटचं गाणं, तेही नेमकं अल्बमच्या नावाचं, गिटार रंगात आलेली असताना खटकन तुटायचं. पंधरा वर्षं मी ते तिथेच संपतं असं धरून चाललो. २००४ साली सीडी हाती आली तेव्हा कळलं, पुढे अजून दोन मिनिटं आहेत. वर आणखी एक गंमत : एलपीत जागा पुरावी म्हणून काही गाणी कापली होती, सीडीवर ती पुरी आहेत. एकूण पंचावन्न मिनिटं.

म्हणून माझ्या वहीत या अल्बमपुढे तीन सालं आहेत. निघाला १९८५, पोचला १९८९, पुरा पोचला २००४.

आवडत्या रॉक, पॉप, इंडी अल्बमांची दशकवार यादी करायची हौस पुष्कळांना असते. बहुतेक जण एखादी तयार 'सर्वश्रेष्ठ शंभर' उघडतात, त्यातली ओळखीची नावं उचलतात आणि दोन दिवसांत कंटाळतात. ती यादी दुसऱ्याच्या कानांची असते. आपली करायची तर 'निघाला' आणि 'पोचला' हे दोन रकाने आधी आखा. गोव्यातल्या फोंड्यासारख्या गावात वाढलेल्या माणसाच्या बाबतीत या दोन सालांमधलं अंतरच त्याच्या ऐकण्याचा इतिहास सांगतं. ही वही कशी भरायची ते पायरीपायरीने सांगतो. काम एका पावसाळ्याचं आहे.

पहिली पायरी : फोन लांब ठेवा

शंभर पानी वही घ्या, पेन्सिल घ्या. शाई नको, जुलैतल्या दमट हवेत पानाच्या पाठीमागे फुटते. प्रत्येक दशकाला सात-आठ पानं सोडा, साठच्या दशकापासून आजपर्यंत. मग निव्वळ आठवणीतून लिहा. बँडचं नाव आठवतंय आणि अल्बमचं नाही, तर कव्हर कसं होतं ते लिहा. कुणाकडे ऐकलं ते लिहा.

एखादा अल्बम खरोखर तुमचा आहे का, याची एक खूण आहे. एक गाणं संपताक्षणी पुढचं मनात आपोआप सुरू होतं का? होत असेल तर अल्बम तुमचा. नाही तर तुम्हाला त्यातली दोन गाणी आवडतात, इतकंच. तेही ठीक आहे, पण त्यांची वही वेगळी.

दर दशकाला दहाच्या आसपास नावं जमली की थांबा. सात दशकांची सत्तर झाली. जून ते सप्टेंबर १२२ दिवस असतात. रोज एक ऐकला तरी चवथीची आरास, पाहुणे आणि फुगड्या धरून वेळ उरतो.

दुसरी पायरी : कुंपण घाला

नियम थोडे ठेवा, पण पाळा. माझे असे : निवडक गाण्यांचे संग्रह बाद. एका दशकात एका कलाकाराचा एकच अल्बम. दशक ठरवायचं ते 'निघाला' या रकान्यावरून, 'पोचला'वरून नाही. जॉय डिव्हिजनचा 'अननोन प्लेझर्स' ऐकायला पुरता ऐंशीच्या दशकातला वाटतो, पण निघाला १९७९ साली. तो सत्तरच्याच पानावर जाणार.

'इंडी' या शब्दावरून भांडणं होतात. आज तो एका आवाजाचं नाव झालाय, मुळात तो धंद्याचा शब्द. मोठ्या कंपनीबाहेर, स्वतंत्र लेबलवर (म्हणजे लहान रेकॉर्ड कंपनीतर्फे) निघालेलं ते इंडी. जॉय डिव्हिजन मँचेस्टरच्या 'फॅक्टरी' या लेबलवर, द स्मिथ्स रफ ट्रेडवर. निर्वाणाचा पहिला 'ब्लीच' १९८९ साली सिअ‍ॅटलच्या सब पॉपने काढला, ध्वनिमुद्रणाचा खर्च सुमारे ६०० डॉलर. दोन वर्षांनी आलेला 'नेव्हरमाइंड' मात्र बड्या कंपनीचा. इंडी आणि बड्या कंपनीचे अल्बम मी वेगळे काढत नाही, इंडीपुढे समासात 'इं' असं बारीक अक्षर टाकतो.

आणि याच व्याख्येने पाहिलं तर आपल्या गोव्याचा अस्सल इंडी अल्बम १९८४चा आहे. रेमो फर्नांडिस यांनी शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर 'गोअन क्रेझी' मुद्रित केला, वाद्यं स्वतःच वाजवली आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवल्या. अमेरिकन गायिका बिली आयलिशने भावाबरोबर घरच्या खोलीत २०१९चा अल्बम केला त्याचं सगळ्या जगाला अप्रूप वाटलं, तेव्हा मला शिवोलीच आठवली.

तिसरी पायरी : कपाट उघडा, नाकाला रुमाल बांधून

गोव्यात घरोघरी कुठे ना कुठे एक खोकं असतंच. आखाती देशातल्या काकाने आणलेल्या कॅसेटी, मामाच्या एलपी, वडिलांच्या नाट्यगीतांच्या जुन्या तबकड्या. ते बाहेर काढा. अर्ध्या आठवणी त्या कव्हरांवर असतात. पण आपल्या हवेत बुरशी हमखास, म्हणून आधी साफसफाई.

इथे मी केलेली चूक सांगतो. एलपी साफ करायला स्पिरिट चांगलं असं कुठेतरी वाचलं होतं. त्याच जोशात बाबांच्या एका ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीवर स्पिरिटचा बोळा फिरवला. काळी चकाकी बोळ्यावर उतरली आणि तबकडीवर पांढुरका, चिकट पट्टा राहिला. बाबा दारात उभे होते. ते इतकंच म्हणाले, "अरे, ती लाखेची असते." आणि ओसरीवर जाऊन पेपर उघडून बसले. संध्याकाळपर्यंत ते पान काही उलटलं गेलं नाही.

तर : ७८ आरपीएमच्या तबकड्या लाखेच्या, स्पिरिटने विरघळतात. त्यांना कोरडा मऊ ब्रश, फार तर किंचित ओलसर फडकं. एलपी प्लास्टिकच्या, त्यांना पाणी चालतं. पाणी नळाचं नको, क्षारांचे डाग राहतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा. अर्ध्या लिटरात भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब. मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसा, आडवं कधीही नाही, आणि मधल्या कागदी लेबलावर तळहात धरा. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा. सुकवायला स्वयंपाकघरातलं ताटाळं उत्तम, तबकड्या उभ्या राहतात. उन्हात ठेवाल तर पापड होईल. ठेवतानाही उभ्याच ठेवा, एकावर एक रचू नका. जुनी ओलसर आतली पाकिटं फेकून द्या, बाहेरचं कव्हर तेवढं जपा.

कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती चांगल्या प्लेअरमध्ये अजिबात घालू नका. त्या प्लेअरमध्ये पुढे जी जी कॅसेट जाईल तिला ती बुरशी लागते. एखादा मोडका प्लेअर याच कामाला ठेवा. पेन्सिलीने किंवा त्या प्लेअरवर टेप एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घ्या, मग प्लेअरचं हेड, म्हणजे टेप घासून जाते तो भाग, कापसाच्या काडीने पुसा (इथे मात्र स्पिरिट चालतं). वाजू लागली की त्याच बैठकीत कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. पुढच्या पावसाळ्याचा भरवसा नाही.

चौथी पायरी : प्रत नीट निवडा

उरलेलं सगळं तुम्ही फोनवरच ऐकणार, त्यात कमीपणा नाही. चारच गोष्टी बघा. गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं शफल बंद. एका गाण्यात दुसरं मिसळणारं क्रॉसफेड बंद. अल्बम संपल्यावर आपोआप भलतंच लावणारं ऑटोप्ले बंद. आणि वीज-नेटचा लपंडाव धरून अल्बम आधीच उतरवून ठेवलेला.

'डिलक्स' आवृत्ती टाळा. शेवटच्या गाण्यानंतर पाच अर्धवट मुखडे ऐकू आले की अल्बमचा शेवटच हरवतो. सालही तपासा. पुष्कळदा तिथे पुनर्मुद्रणाचं साल दिसतं आणि १९६६चा अल्बम २००९च्या पानावर जाऊन बसतो. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'ची मूळ ब्रिटिश प्रत १४ गाण्यांची. अमेरिकेत त्यातली तीन गाळून ११चीच काढली होती. चौदावालीच ऐका.

दर वेळी दोष प्रतीचाच असतो असंही नाही. 'अ‍ॅबी रोड'ची पहिली बाजू खटकन तुटली तेव्हा मी कपाळाला हात लावला, म्हटलं पुन्हा टेप संपली! ते गाणं बीटल्सनीच मुद्दाम तसं कापलंय.

पाचवी पायरी : बनस्तारीच्या पुलावर बाजू बदला

एलपीची बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले अल्बम त्या मापाने शिवलेले आहेत : पहिली बाजू रंगवायची, श्रोता उठून तबकडी उलटेल तेवढा श्वास सोडायचा, मग दुसरी. फोनवर हा श्वास नाहीसा होतो. तो आपण परत घालायचा.

माझी जागा ठरलेली आहे. फोंड्याहून पणजीची बस. स्टँडवरून सुटताना पहिलं गाणं. फर्मागुडी, म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, भोम, आणि बनस्तारीच्या पुलाजवळ पहिली बाजू संपते. तिथे थांबवायचं. खाडीचं पाणी बघायचं, कंडक्टरला सुटे द्यायचे. खोर्लीला दुसरी बाजू सुरू, आणि वाहतूक फारच तुंबली नाही तर रायबंदरच्या आसपास अल्बम पुरा. तुमची वाट वेगळी असेल. मडगावची बस घ्या, नाहीतर घरी भात टाकून बसा. थांबा तेवढा घ्या.

पहिल्यांदा असं हिंडता-फिरता ऐका. अल्बम टिकला तर दुसऱ्यांदा एका जागी बसून, शब्द समोर ठेवून. आणि तिसऱ्यांदा किमान आठवड्याने. तिसऱ्या वेळी कंटाळा आला तर नाव खोडा, कितीही थोर असो.

एक हुकमी परीक्षा सांगतो : दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. पहिल्या बाजूला सगळे जीव ओततात, दुसरीच्या सुरुवातीलाही एखादं जोरदार ठेवतात. तिसऱ्या जागेवर बहुतेक अल्बमांची भरताड सुरू होते. मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'मध्ये 'बीट इट' आणि 'बिली जीन' एकामागून एक येऊन गेल्यावर त्या जागेवर 'ह्यूमन नेचर' आहे. 'अ‍ॅबी रोड'मध्ये नेमकं तिथूनच ते तुकड्या-तुकड्यांचं लांबलचक जोडगाणं सुरू होतं. परीक्षेला अपवादही आहे. द स्मिथ्सच्या 'द क्वीन इज डेड'मध्ये (१९८६) त्या जागेवर अगदीच चिल्लर गाणं आहे, अल्बम नियमाने नापास होतो. पण लगेच पुढे जे येतं त्यासाठी मी डोळे मिटून तो पास केलाय.

सहावी पायरी : दशकं, माझ्या वहीतून

माझी निवड तुम्ही उचलू नये, पण सुरुवात करायला काही लागतं म्हणून थोडी पानं उघडतो.

साठच्या दशकात शिरायला आपल्यासारख्यांना 'रिव्हॉल्व्हर' सोपा. त्यात जॉर्ज हॅरिसनचं एक गाणं सतार-तबल्यावरच उभं आहे. तबल्यावर अनिल भागवत, आणि कव्हरवर त्यांचं नावही छापलेलं. बीच बॉइजचा 'पेट साउंड्स'ही त्याच वर्षीचा, १९६६चा. वेल्व्हेट अंडरग्राउंडचा केळ्याच्या कव्हरचा अल्बम निघाला १९६७, माझ्यापर्यंत पोचला २००२. पस्तीस वर्षं! माझ्या वहीतलं सगळ्यात मोठं अंतर. खुद्द अमेरिकेतही तो तेव्हा फारसा खपला नव्हता, म्हणून फार वाईट वाटून घेत नाही.

सत्तरच्या दशकावर मी जास्त रेंगाळतो. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) घरात वाजत होता आणि दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, 'मनी', सुरू झालं. बाबा आतून आले. नाट्यसंगीत आणि अभिषेकीबुवा यांच्यापलीकडे न जाणारा माणूस. उभ्या उभ्या बोटांवर मोजायला लागले. "सात मात्रा आहेत रे. रूपकच की." थोडं ऐकून म्हणाले, "पण नाही. रूपकाची सम खाली असते, टाळीविना, हे तर समेवरच आपटतायत." मग गिटारचा लांब तुकडा सुरू झाला तसे दचकले. "चारात गेले!" गेलेच होते, तो भाग चार मात्रांतच आहे, नंतर गाणं पुन्हा सातावर येतं. ते परत आल्यावर बाबांनी हातावर टाळी दिली आणि चहाला गेले. घरात कुणाला रॉकची गोडी लावायची असेल तर ओळखीच्या धाग्याने लावा. शब्दांनी लागत नाही, तालाने लागते.

१९७७ तर भरगच्च साल. फ्लीटवुड मॅकचा 'रूमर्स', टेलिव्हिजनचा 'मार्की मून', डेव्हिड बोवीचा 'लो'. त्याच वर्षी व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी अंतराळात गेली. तिच्यावर चक बेरीचं रॉक अँड रोल आहे आणि आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवीही. संग्रह बाद हा नियम मी या एकाच नोंदीसाठी मोडलाय. 'पोचला' हा रकाना तिच्यापुढे कोराच राहणार.

ऐंशीतलं बरंचसं वर येऊन गेलं. त्यात टॉकिंग हेड्सचा 'रिमेन इन लाइट' (१९८०) आणि पिक्सीजचा 'डूलिटल' (१९८९) जोडा.

नव्वदीत कॅसेटही होती, सीडीही आली आणि म्युझिक चॅनलही. 'नेव्हरमाइंड' (१९९१) सगळ्यांचा असतोच. त्याच्या सीडीच्या काही प्रतींत शेवटच्या गाण्यानंतर दहाएक मिनिटं शांतता आणि मग एक न छापलेलं गाणं येतं, दचकू नका. जेफ बक्लीचा 'ग्रेस' (१९९४), रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' (१९९७). माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या 'लव्हलेस'ने सुरुवात करू नका. पहिल्यांदा ऐकताना टेप ताणली गेलीये असंच वाटतं, आणि ज्यांनी खरंच ताणलेल्या टेपा ऐकल्यात त्यांना तर दुप्पट त्रास. आपल्याकडचा लकी अलीचा 'सुनो' (१९९६) या पानावर कुठल्याही परदेशी नावाशेजारी ताठ बसतो. इंडियन ओशनचा 'कंदिसा' २००० सालचा, म्हणजे पुढच्या पानाचा.

त्या पुढच्या पानावर द स्ट्रोक्स, आर्केड फायर, एमी वाइनहाउस वगैरे आहेत, पण खरी नोंद एकच. १० ऑक्टोबर २००७ला रेडिओहेडने 'इन रेनबोज' थेट इंटरनेटवर ठेवला, किंमत ज्याने त्याने ठरवावी. मी रात्री फोंड्यात बसून तो उतरवला. वहीत पहिल्यांदाच दोन्ही रकान्यांत एकच तारीख पडली. दोन-तीनदा खोडरबर हातात घेतला, चुकून लिहिली की काय म्हणून.

त्यानंतर 'पोचला' हा रकाना निकामी झाला. सगळंच त्याच दिवशी पोचतं. म्हणून २०१०पासून मी त्याचं शीर्षक बदलून 'टिकला' केलंय. अल्बम निघाल्यावर पुरं वर्ष जाऊ द्यायचं, मग पुन्हा ऐकायचा आणि तेव्हाच नोंद. टेम इम्पालाचा 'लोनरिझम' (२०१२) टिकला. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बिस्मिल्लाह' (२०१९) टिकला. २०२०च्या एप्रिलात, सगळं बंद असताना, फियोना अ‍ॅपलचा 'फेच द बोल्ट कटर्स' आला. घरातल्या वस्तू बडवून धरलेले ठेके आणि मधेच कुत्र्यांचं भुंकणं. आमच्या रस्त्यावरही तेव्हा पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा आणि कुत्री एवढाच काय तो आवाज होता. टेलर स्विफ्टचा 'फोकलोर' त्याच वर्षीच्या जुलैतला. मी नाक मुरडून लावला आणि वर्षभराने गुपचूप लिहिला.

सातवी पायरी : छाटणी

दहाचे पाच करताना क्रमांक देऊ नका. पहिला-दुसरा ठरवायला गेलात की मन दुनियेची मतं आठवायला लागतं. जोड्या लावा. दोन नावं समोर घ्या, दिवे गेलेत आणि फोनमध्ये एका अल्बमपुरतीच बॅटरी आहे असं समजा. हात ज्याच्याकडे जाईल तो राहील. खोडलेलं नाव पुरं पुसू नका, वाचता येईल अशी एकच रेघ मारा. पाच वर्षांनी त्यातली दोन तरी परत येतात. माझ्या वहीत 'पेट साउंड्स' दोनदा खोडला गेलाय आणि तिसऱ्यांदा आत आहे.

गेल्या जूनमध्ये भाच्याने स्वतःची वही सुरू केली. त्याला म्हटलं, पहिली नोंद माझ्यासमोर कर. 'ब्रदर्स इन आर्म्स' लावला आणि शेवटच्या गाण्यात, जिथे माझी कॅसेट तुटायची तिथे, मी हात पुढे करून थांबवला. तो म्हणाला, "मामा, काय झालं? नेट गेलं?" मी दहा मोजले आणि पुढे लावला. त्याने वहीत निघाला १९८५ लिहिलं, पोचला या वर्षीचं साल, आणि समासात एक शेरा टाकला : मामाने मध्येच बंद केला.